फवारणीच्या दिवशीच पंप का रुसतो? छोट्या इंजिनाचा कार्बोरेटर उघडायचा, धुवायचा आणि पुन्हा बसवायचा कसा

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की सावदा, फैजपूर, रावेर या केळी पट्ट्यात एकच घाई सुरू होते. करप्याची फवारणी. करपा म्हणजे सिगाटोका. ही बुरशी दमट हवेत झपाट्याने पसरते आणि पानं करपली की घड भरत नाहीत. केळीची पानं उंच असतात, वरून मेणचट असतात, त्यामुळे औषधात स्टिकर घालावं लागतं आणि फवारा जोरात, वरपर्यंत न्यावा लागतो. हाताने दांडा मारायचा पंप इथे पुरत नाही. इंजिनाचा पंप लागतो.

आणि नेमका तोच पंप चालू होत नाही. गेल्या हंगामात काम संपल्यावर खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, इंजिन एकदा ‘फट्’ म्हणतं आणि गप्प बसतं. मेकॅनिककडे न्यावा तर तिथे आधीच पाच-सहा पंप रांगेत. तो लांबूनच सांगतो, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल, ठेवून जा.’ तोवर पुन्हा पाऊस.

त्याचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. प्रश्न एवढाच की हा ‘कचरा’ म्हणजे नक्की काय, तो येतो कुठून, आणि दहा नंबरचा पाना, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि तासाभराची फुरसत असेल तर तो घरी काढता येतो का? येतो. कसा ते बघू.

कार्बोरेटर करतो काय?

पेट्रोल नुसतं जळत नाही, ते हवेत मिसळून बारीक तुषार झालं तरच इंजिनात नीट पेटतं. हे मिश्रण तयार करणं एवढंच कार्बोरेटरचं काम. त्यात ना वायर, ना मोटर. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा असतो. हवा त्या गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. इटलीच्या जिओव्हानी बातिस्ता वेंचुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद वाटेतल्या प्रवाहावर लिहिलं, म्हणून या गळ्याला वेंचुरी म्हणतात. खाली एका वाटीत पेट्रोल भरलेलं असतं. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब, गळ्यात कमी दाब. मग पेट्रोल आपोआप वर ढकललं जातं आणि वाटेत एका पितळी छिद्रातून मोजून मापून जातं. ते छिद्र म्हणजे जेट.

वाटीत पेट्रोल किती असावं हे ठरवतो फ्लोट. आपल्या घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉलकॉक असतो, तंतोतंत तसंच. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि एक टोकदार सुई, म्हणजे नीडल, पेट्रोलची वाट बंद करते.

जेट साधारण दोन असतात. लोड आल्यावर, थ्रॉटल उघडल्यावर काम करतो तो मेन जेट. इंजिन नुसतं हळू चालत असताना काम करतो तो पायलट जेट, याला बरेच जण ‘स्लो जेट’ म्हणतात. अनेक बनावटींमध्ये जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचं माप असतं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ७० नंबरचा जेट म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटरचं भोक, आणि पायलट जेटचं तर त्याहून बारीक. एवढ्याशा भोकाला बंद व्हायला कितीसा कचरा लागणार?

मग हा कचरा कुठून येतो?

लोकांना वाटतं पंपावरच्या पेट्रोलमध्ये माती असते. कधीकधी असेलही. पण टाकीच्या नळीत फिल्टर असतो, मोठे कण तिथेच अडतात. खरा कचरा बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या आतच तयार होतो, आणि तो दोन प्रकारचा असतो.

पहिला डिंक. पेट्रोल म्हणजे अनेक हलक्या-जड द्रवांचं मिश्रण. वाटीला बाहेरची हवा लागत असते, त्यामुळे इंजिन बंद असताना हलका भाग उडून जातो. मागे राहतो तो जड, चिकट भाग. हवेशी संयोग होऊन त्याचा पिवळट-तपकिरी थर बनतो, व्हार्निश मारल्यासारखा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पंपाच्या वाटीतलं पेट्रोल एका उन्हाळ्यात पूर्ण आटतं, असं समजायला हरकत नाही. तो डिंक जेटमध्ये बसलेला असतो.

दुसरा प्रकार पाण्याचा, आणि हा अलीकडे वाढलाय. आता आपल्याला पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. इथेनॉल चांगलं की वाईट या वादात आपण पडत नाही, ऊसवाल्यांचं आणि तेल आयातीचं गणित वेगळं आहे. पण त्याचा एक गुण लक्षात ठेवावा लागतो. ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्याच्या दमट हवेत अर्ध्या टाकीतलं पेट्रोल हळूहळू पाणी खातं. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. पेट्रोल वर तरंगतं. आणि टाकीची नळी कुठून निघते? तळातून. म्हणजे इंजिनाला आधी तोच पाणचट भाग मिळतो. वाटीतही तळाशी तोच जमतो, जिथे मेन जेट असतो. अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूवर त्याने पांढरी भुकटी धरते, पितळेवर हिरवट डाग येतात.

टू-स्ट्रोक इंजिनात हे आणखी धोक्याचं. तिथे वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या पेट्रोलसोबत राहतं. तळातला भाग इंजिनात गेला तर पिस्टनला तेल जवळपास मिळतच नाही.

शेतात यात एक भर पडते. औषधाचं द्रावण करायचा पाण्याचा ड्रम आणि पेट्रोलचा कॅन शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि बऱ्याचदा चाडीही एकच. पाण्याची चाडी पेट्रोलच्या टाकीला लावली की चार थेंब गेलेच. पेट्रोलची चाडी वेगळी ठेवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

उघडण्याआधी थांबा

इंजिन चालू होत नाही म्हणजे कार्बोरेटरच गेला असं नाही. उघडायच्या आधी पाच मिनिटं खालच्या गोष्टींना द्या. निम्मे पंप इथेच चालू होतात, असं म्हटलं तर मेकॅनिक लोक हसतील, पण नाकारणार नाहीत.

टाकीतलं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वास आंबट, वार्निशसारखा येत असेल तर ते पेट्रोल इंजिनात परत घालू नका. ताजं घाला. पेट्रोलचा कॉक खरंच उघडा आहे ना बघा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजलं की टाकीत निर्वात होतं आणि पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून बघा, इंजिन चाललं तर दोष झाकणाचा. एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. चार-स्ट्रोक इंजिनात ऑइल तपासा, कारण काही इंजिनांत ऑइल कमी झालं की स्पार्क आपोआप बंद करणारा सेन्सर असतो आणि माणूस उगाच कार्बोरेटर खोलत बसतो.

मग प्लग काढा. बऱ्याच वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला चिंब असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा स्पार्क नाही. स्पार्क बघायचा तर सिलिंडरच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते हे विसरू नका. आधी पेट्रोलचा कॅन लांब ठेवा, प्लग इंजिनाच्या अंगाला पण भोकापासून दूर टेकवा.

चालू झालेलं इंजिन कसं वागतं यावरून कुठला जेट बंद आहे तेही कळतं. चोक लावल्यावर चालतं आणि चोक उघडला की बंद पडतं? म्हणजे पेट्रोल कमी मिळतंय, चोकमुळे हवा अडते म्हणून तेवढ्यापुरतं भागतं. जेट बुजलाय. लोड नसताना आवाज सारखा वर-खाली, वर-खाली होतो? पायलट जेटवर संशय घ्या. हळू चालतं पण रेस दिली की गुदमरतं? मेन जेट. कार्बोरेटरखालून पेट्रोल टपकतं? तिथे जेटचा संबंध नाही, नीडल नीट बसत नाही किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय. काळा धूर आणि काळाकुट्ट प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. आधी एअर फिल्टर आणि चोकची पट्टी अडकलीय का ते बघा.

आपल्या पंपावर कोणता कार्बोरेटर आहे?

जमिनीवर ठेवायचा पाण्याचा पंप, एचटीपी फवारणी पंप, पॉवर वीडर, लहान जनरेटर यांवर फ्लोटचा कार्बोरेटर असतो. होंडाचं १६३ सीसीचं जीएक्स-१६० आणि त्याच धर्तीवर बनलेली चिनी इंजिनं आज सगळीकडे दिसतात. खाली दिलेली रीत त्यांनाच समोर ठेवून लिहिलीय. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलीचं तत्त्वही तेच, फक्त तिथे थ्रॉटलला स्लाइड आणि लांब सुई असते.

ब्रश कटर, चेन सॉ आणि पाठीवरच्या बऱ्याच पंपांवर मात्र डायफ्रामचा कार्बोरेटर असतो. यंत्र तिरकं-उलटं झालं तरी चाललं पाहिजे, आणि फ्लोटची वाटी तिरकी केली की सांडते, म्हणून तिथे वाटीच नसते. त्याचं वेगळं बोलू.

जाता जाता एक गोष्ट. पूर्वी पोरं कार्बोरेटर शिकायची ती लुना, एम-८० आणि स्प्लेंडरवर. पुण्याजवळ चाकणला केहिन-फायच्या कारखान्यात दुचाकींचे कार्बोरेटर बनायचे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या दुचाकींवर जवळपास सरसकट फ्युएल इंजेक्शन आलं. आता गॅरेजमध्ये नवीन शिकणाऱ्या मुलाला स्कॅनर लावता येतो, पण पायलट जेट म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही. शेतातली यंत्रं मात्र अजून कार्बोरेटरवरच आहेत. त्यामुळे ही कला दुचाकीच्या गॅरेजमधून निघून शेतीपंपाच्या दुकानात आलीय आणि तिथे हात कमी, काम जास्त आहे.

खोलायची रीत

जागा मोकळी आणि हवेशीर हवी. शेडच्या आत, चुलीजवळ, देवघराच्या दिव्याजवळ, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नको. विडी-सिगारेट लांब. इंजिन पूर्ण थंड झालेलं असू द्या. पंप फवारणीचा असेल तर आधी बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून घ्या आणि हातमोजे घाला. औषधाचे अंश इंजिनाच्या अंगावर साचलेले असतात, हे लोक विसरतात. खाली पांढरं जुनं कापड अंथरा. नीडलची स्प्रिंग किंवा ओ-रिंग मातीत पडली तर परत सापडत नाही.

कॉक बंद करा. वाटीच्या बुडाशी बाजूला एक निचऱ्याचा स्क्रू असतो तो सैल करून पेट्रोल भांड्यात काढा. काय निघालं ते नीट बघा: पाण्याचे गोळे, तपकिरी कण की पांढरी भुकटी. अर्धं निदान इथेच होतं.

आता मोबाइल काढा. प्रत्येक पायरीला एक फोटो, विशेषतः गव्हर्नरची सळई आणि तिच्यावरची बारीक स्प्रिंग कुठल्या भोकात आहे त्याचा. स्प्रिंग शेजारच्या भोकात लागली तर इंजिनाचा वेग बदलतो, आणि मग माणूस चांगल्या कार्बोरेटरला दोष देत बसतो. एअर फिल्टरचा डबा काढा. कार्बोरेटर दोन लांब स्टडवर बसलेला असतो. नट निघाले की तो थोडा बाहेर ओढून, तिरका करून सळई हलकेच सोडवा. स्प्रिंग ताणू नका, ती एकदा लांबली की गेली. कार्बोरेटरच्या मागे पॅकिंग, काळा जाड इन्सुलेटर, पुन्हा पॅकिंग असा थर असतो. त्यांचा क्रम आणि तोंड कुठे होतं याचाही फोटो हवा, कारण पॅकिंग उलटं बसलं तर हवेची एखादी बारीक वाट बुजते.

वाटीचा बोल्ट काढा. वाटी चिकटली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका, लाकडाने हलके ठोका. फ्लोटची पिन बोटाने किंवा बारीक तारेने सरकते. फ्लोट उचलला की नीडल त्याच्यासोबतच येते.

मधल्या खांबात आत मेन जेट दिसेल. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पितळ मऊ असतं. खाचेत घट्ट बसणारा, खाचेएवढ्याच रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. छोटा घेतलात तर खाच निघून जाईल आणि जेट आतच राहील. जेट निघाल्यावर कार्बोरेटर उलटा केला की त्यामागची पितळी नळी घसरून बाहेर येते. तिच्या अंगाला आडवी बारीक भोकं असतात, हवा तिथून पेट्रोलमध्ये मिसळते. ही नळी काढायची राहून जाते आणि मग ‘दोनदा साफ केला तरी तेच’ अशी तक्रार येते. जीएक्स-१६० सारख्या कार्बोरेटरमध्ये पायलट जेट वरच्या बाजूला असतो. आयडलचा स्क्रू काढला की प्लॅस्टिकच्या डोक्याचा जेट वर ओढून निघतो.

हवा-मिश्रणाचा स्क्रू असेल आणि तो सीलबंद नसेल, तर काढण्याआधी हलक्या हाताने आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून लिहून ठेवा. टेकला की थांबा. जोर लावला तर त्याचं टोक चेपतं आणि आयडल पुन्हा कधी नीट लागत नाही.

धुणं

आधी सगळं रबर आणि प्लॅस्टिक बाजूला. कार्बोरेटर क्लीनरच्या स्प्रेने रबर फुगतं. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण एका भोकात मारलेला फवारा दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो. तो आला पाहिजे हेही खरं, कारण तीच तपासणी आहे. स्प्रेची नळी प्रत्येक वाटेत घाला आणि दुसऱ्या टोकातून धार निघते का बघा. गळ्याच्या आत, थ्रॉटलच्या पट्टीजवळ दोन-तीन सूक्ष्म भोकं असतात, तिथूनही धार आली पाहिजे. एखादी वाट बंद असेल तर स्प्रे मारून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि पुन्हा मारा. शेवटी हवा मारा, कंप्रेसर असेल तर दाब बेताचा ठेवून.

जेट उजेडाकडे धरून बघा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर आत घालायला सुई, सेफ्टी पिन, वेल्डिंगची तार यातलं काहीही नको. पोलाद पितळेला ओरखडतं, भोक मोठं होतं, आणि मग इंजिन कायम जास्त पेट्रोल खातं. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक केसाएवढी तार घ्या. तांबं मऊ असतं, कचरा निघतो आणि भोकाचं माप राहतं.

काही जण लिंबाच्या पाण्यात किंवा घरातल्या टॉयलेट क्लीनरमध्ये कार्बोरेटर बुडवायचे व्हिडिओ टाकतात. चकाचक दिसतो खरा. आम्ल मात्र अॅल्युमिनियम आणि जस्त खातं, आतल्या वाटा खरबरीत होतात. रीलसाठी ठीक, पंपासाठी नको.

पांढरी भुकटी घासून गेली आणि खाली धातू गुळगुळीत असेल तर काळजी नाही. खड्डे पडले असतील, विशेषतः नीडल बसते त्या जागी किंवा मिश्रणाच्या वाटेत, तर धुऊन उपयोग नाही. नवा कार्बोरेटर घ्या. या इंजिनांचे कार्बोरेटर बाजारात सहज मिळतात, पण जेटचे नंबर जुन्याशी जुळवून घ्या.

काय बदलायचं?

फ्लोट कानाजवळ हलवा. आत ‘छळक’ आवाज आला तर पेट्रोल शिरलंय. खात्री करायची तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तर बुडबुडे येतात. डाग मारत बसू नका, वजन बदललं की पेट्रोलची पातळी बदलते.

नीडलचं टोक नखाने चाचपा. गोल खाच जाणवली तर नीडल बदलायची. वाटीची रिंग, पायलट जेटची ओ-रिंग, मागची पॅकिंगं हे सगळं किटमध्ये येतं आणि उघडलंच आहे तर बदलून टाकणं शहाणपणाचं. जुनं पेट्रोल सोसलेलं रबर पुन्हा दाबलं की गळतं. पॅकिंग नसलं की बोंड लावायची सवय इथे सर्रास आहे. बोंड म्हणजे ट्यूबमधला गास्केट मेकर. वाटीला तो लावू नका. पेट्रोलने तो सुटतो, त्याचे तुकडे जेटमध्ये जातात आणि आपण सुरुवात केली होती तिथेच परत येतो.

जोडणं

काढलं त्याच्या उलट क्रमाने. पितळी नळी, मग मेन जेट. जेट टेकल्यावर थोडासाच जोर. फ्लोट आणि नीडल बसवून कार्बोरेटर उलटा-सुलटा करा, फ्लोट स्वतःच्या वजनाने मोकळा पडला पाहिजे. धातूची जीभ असलेला फ्लोट असेल तर त्याची उंची पुस्तिकेतल्या मापाने ठेवा. प्लॅस्टिकचा असेल तर ती ठरलेलीच असते. मिश्रणाचा स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर.

इंजिनावर बसवून लगेच दोरी ओढू नका. कॉक उघडा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. वाटीखाली थेंबही दिसला नाही पाहिजे. गळत असेल तर कॉक बंद करून नीडल पुन्हा तपासा. ही गळती नुसती पेट्रोलची नासाडी नसते, चार-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही.

मग मोकळ्या जागेत चालू करा. चार-पाच मिनिटं गरम होऊ द्या, चोक पूर्ण उघडा, आणि मगच आयडल लावा. थंड इंजिनावर केलेलं ट्युनिंग गरम झाल्यावर टिकत नाही. जीएक्स-१६० चा आयडल मिनिटाला साधारण १,४०० फेऱ्यांचा असतो. टॅकोमीटर नसेल तर कान चालतो: आवाज सलग हवा आणि एकदम रेस दिली तर अडखळता कामा नये. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे ना तेही आत्ताच बघून घ्या.

डायफ्रामवाल्यांसाठी

ब्रश कटरच्या कार्बोरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. एक पंपाचं काम करतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलून तो पेट्रोल ओढतो. दुसरा मोजायचं काम करतो, एका छोट्या लिव्हरला ढकलून नीडल उघडतो. हे पडदे मऊ असतात तोवर सगळं छान. इथेनॉलने आणि सुकण्याने ते कडक होतात, पापडासारखे. हातात धरून हलवल्यावर खुळखुळ वाजत असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, किट बदला.

बसवताना क्रम चुकतो तो इथेच. बहुतेक कार्बोरेटरमध्ये पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि त्यावर पॅकिंग येतं. मोजणीच्या बाजूला उलट, आधी पॅकिंग आणि त्यावर पडदा. उलटं झालं तर इंजिन चालू होऊन लगेच मरतं. लिव्हरची उंची वाकवून बदलायच्या भानगडीत पहिल्याच वेळी पडू नका. हा प्रकार पहिल्यांदा करत असाल तर माहीतगार माणूस शेजारी असलेला बरा. फ्लोटचा कार्बोरेटर एकट्याने करता येतो, याला थोडा सराव लागतो.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी करून मिश्रण ‘पातळ’ ठेवायचा मोह टाळा. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साडेतेरा पटींच्या आसपास. फ्युएल इंजेक्शनची गाडी सेन्सरने हे जुळवून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. म्हणजे जुन्याच जेटवर इंजिन आधीच थोडं पातळ चालतंय. त्यात तुम्ही स्क्रू आणखी आवळलात तर आवाज छान टणटणीत येतो, आणि अर्ध्या तासाने पिस्टन जाम होतो. तेलाचं प्रमाणही अंदाजाने नको. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ५० ला १ म्हणजे २० मिलिलिटर. आपल्या यंत्राला कोणतं ते पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

हंगाम संपल्यावर

मृगबागेची आणि कांदेबागेची फवारणी आटोपली, आता पंप दोन-तीन महिने लागणार नाही, असं वाटलं त्याच दिवशी टाकी रिकामी करा. कॅनमध्ये काढलेलं स्वच्छ पेट्रोल त्याच आठवड्यात दुसऱ्या कामाला वापरून टाका. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतलं पेट्रोल संपतं. तरी तळाशी थोडं राहतंच, ते निचऱ्याच्या स्क्रूने काढा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत लावा. पंप पत्र्याखाली उन्हात न ठेवता घरातल्या सावलीच्या, कोरड्या जागी ठेवा. पेट्रोलचा कॅन मात्र घरात नको.

मधल्या काळात पंप लागणारच असेल तर महिन्याभराचंच पेट्रोल आणा. आणि पावसाळा तोंडावर आला की फवारणीची वाट न बघता मृगाच्या आसपास एकदा इंजिन चालू करून बघा. तेव्हा मेकॅनिकच्या दारात रांग नसते आणि किट मागवायला हातात दिवस असतात.